आईचा ओटा आणि नऊ मीटर

लग्न होऊन मी मनीषनगरला राहायला गेले तेव्हा आईनं सगळ्यात आधी विचारलं, "तिकडं ओटा आहे का?" मी म्हटलं, बाल्कनी आहे. "बाल्कनीतून बोलशीन कोनाशी? कबुतराशी?" समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मला अजून नीट माहीत नाही.

आई उमरेडची. सक्करदऱ्याकडच्या आमच्या गल्लीत ती सून म्हणून आली आणि तिचा संसार घरात कमी, घरापुढच्या ओट्यावरच जास्त झाला. भाजी तिथं निवडायची, शेवया तिथं करायच्या, भांडायचं तिथं आणि ते मिटवायचंही तिथंच. आता तिचे गुडघे गेलेत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतही तिला जाववत नाही. पण दुपार कलली की ती दार उघडून एक पाऊल बाहेर टाकते, ओट्यावर बूड टेकवते आणि गल्लीतल्या बाया आपोआप जमतात. रस्ता रुंद करायचा म्हणून महापालिकेच्या माणसानं त्या ओट्यावर लाल पट्टा मारला तेव्हा आमचं काय जाणार आहे, ते घरात कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही.

कारण काय, तर मोठ्या रस्त्यावर सिग्नलला गर्दी होते, म्हणून गाड्या आमच्या गल्लीतून काढायच्या. म्हणजे कुणाला तरी ऑफिसात जरा लवकर पोहोचायचं आहे, म्हणून माझ्या आईनं घरात कोंडून घ्यायचं. माझं डोकंच फिरलं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे गल्लीचा अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मीही मागचापुढचा राग काढून तो लिहिला. वस्तीतला रस्ता वस्तीपुरता असावा, वाढवायचाच असेल तर ओट्यापुढच्या नालीपर्यंत वाढवा, त्यापुढं एक बोटही नको, असं मी ठणकावून मांडलं.

अर्जावर सह्या घ्यायला ओट्यावरच सभा भरली. सगळे रुंदीकरणाच्या विरोधात होते. फक्त प्रत्येकाला आपल्या घरापुढं कार लावण्यापुरती जागा हवी होती. "रस्ता वाढू नये हे बराबर आहे, पण गाडी तं वळली पाहिजे ना गा," असं एक जण अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि बाकीच्यांनी तितक्याच गंभीरपणे माना डोलावल्या. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं सही केली.

नवल म्हणजे अर्जाचा उपयोग झाला. महापालिकेचे साहेब म्हणाले, पुन्हा मोजू. कागदावर रस्ता नऊ मीटरचा आहे. इकडच्या ओट्यापासून तिकडच्या ओट्यापर्यंत नऊ मीटर भरले तर ओट्यांना हात लावत नाही. नाही भरले तर दोन्हीकडचे ओटे मुळापासून काढू.

समोरच्या घरातले काका म्हणजे बाबांचे जन्माचे दोस्त. त्यांनी आदल्या संध्याकाळीच मोजून पाहिलं. नऊला वीतभर कमी पडत होतं. पण काकांचं डोकं तेज. "टेपचे दोन्ही टोकं तं आपल्याच हातात राहते," ते बाबांना म्हणाले. "एक तुम्ही धरा, एक मी धरतो. मधात गुडघ्यापर्यंत लोंबू द्या. भरते नऊ." लगेच दोरी आणून तालीमही झाली. दोरी छान लोंबली. आईनं बाबांना बजावलं, "आयकून राहिले ना? ढिलं धरा." बाबा म्हणाले, "हाव ना वं. ढिलं धरायले काय लागते?"

काय लागते, ते आम्हाला आधीच कळायला हवं होतं. बाबा आणि काका, दोघंही जुने विणकर. पुढं माग बंद पडले, बाबा एका शाळेत शिपाई झाले, काकांनी सायकलचं दुकान टाकलं. पण दोघांची अर्धी हयात गेली ती याच गल्लीत ताणे ताणण्यात. ताणा म्हणजे साडीचं उभं सूत. मागावर चढवण्याआधी ते सगळं गल्लीत लांबवर ताणून त्याला खळ लावायची, याला पाजणी म्हणतात. आमची गल्ली अशी लांबलचक आणि सरळ आहे ती त्यामुळेच. पाजणीत एका टोकानं जरा ढील दिली की सूत गुंतलं आणि दिवस वाया गेला. बाबांच्या तोंडून आम्ही भावंडांनी लहानपणी सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द म्हणजे "ताण".

साहेब आले आणि आल्याबरोबर फोनवर बोलायला लागले. त्यांच्या माणसानं टेप काढली, एक टोक बाबांना दिलं, दुसरं काकांना. टेप मस्त लोंबली. आई ओट्यावर जीव मुठीत धरून बसली होती. तो माणूस आकडा वाचायला वाकला. तेवढ्यात थोडा वारा आला आणि टेप मधोमध हलली.

बाबांचा हात मागं गेला. मी डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी ठरवून काही केलं नाही, हात आपला आपण गेला. इकडून ओढ बसली तशी काकांनी तिकडून ओढलं. वास्तविक ही सगळी अक्कल काकांचीच. तरी दोघंही टाचा रोवून, ओठ आवळून असे उभे राहिले की टेप तारेसारखी ताठ झाली. "वा काका," साहेबांचा माणूस खूश होऊन म्हणाला, "इतकी बराबर टेप कोनी धरत नाही." त्यानं आकडा लिहिला. वीतभर कमी.

आई महिनाभर बाबांशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण भाताशी बोलत वाढायची. "घ्या, ताणून घ्या." बाबा खाली मान घालून जेवायचे. एकदाच म्हणाले, "काय करू वं, माह्याच्यानं झालंच नाही." मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही दया येत होती. अर्जात माझा एवढा जोर होता, पण बाबांच्या हाताचं काय करायचं ते मला काही सुचलं नाही.

मग जेसीबी आला आणि गल्लीतले सगळे ओटे एका दुपारी गेले. रस्ता गुळगुळीत झाला. दार उघडलं की थेट गाडी. पहिले काही दिवस आई दाराच्या आत स्टूल टाकून बसली. तिथून तिला कुणी दिसत नव्हतं आणि कुणाला ती दिसत नव्हती. बायाही घराघरांत बसून राहिल्या. मी रविवारी गेले की ती टीव्हीकडे बघत असायची, आणि टीव्ही बंद असायचा.

एका रविवारी गेले तर बाबा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन रस्त्यावर उभे. ओटा जिथं होता तिथं त्यांनी ती ठेवली, हात धरून आईला आणून बसवलं आणि स्वतः थोडं पुढं जाऊन उभे राहिले, येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत. "हळू गा, हळू. मानसं बसून राहिले." आई बसली. समोरून काकूंनी आपली खुर्ची काढली. मग तिसरी आली, मग चौथी. बघता बघता दोन्हीकडून खुर्च्या लागल्या आणि रस्ता होता तेवढाच उरला, त्यातही लोकांच्या गाड्या लावलेल्या.

एक कारवाला मोठ्या रस्त्याची गर्दी टाळून आत शिरला. हॉर्न वाजवून वाजवून थकला, तेव्हा काच खाली करून म्हणाला, "आजी, रस्त्यात काहून बसून राहिल्या?"

आई खुर्चीतून हलली नाही. "मी कुठं रस्त्यात बसली बाप्पा? तुहा रस्ता माह्या ओट्यावर आला."

त्यानं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. बाबा लगबगीनं गाडीच्या मागं गेले आणि "येऊ दे, येऊ दे" करत त्याला पार मोठ्या रस्त्यापर्यंत सोडून आले. परत आले तेव्हा आईनं खुर्ची जरा सरकवली आणि म्हणाली, "बसा आता. पाय दुखतीन."