चादरीवाल्या बाई रजेवर होत्या तेव्हा

माझी आत्या एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालची अरुंद खोली, कानाला हेडफोन, समोर दोनशे चौदा एक्स्टेन्शनचा बोर्ड. शिक्षण दहावीपर्यंतच, पण चौकस इतकी की घरात तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणायचे.

एकदा इस्पितळातल्या चादरीवाल्या बाईंचा पाय मोडला आणि त्या महिनाभर रजेवर गेल्या. ढकलगाडी घेऊन वॉर्डावॉर्डात धुतलेल्या चादरी पोचवायच्या, मळक्या आणायच्या, हे त्यांचं काम. बदली माणूस आला, चादरीही वेळेवर पोचू लागल्या. तरी चौथ्या दिवसापासून आत्याच्या बोर्डाला उसंत मिळेना. एक्स-रेवाले विचारायचे, "वरचा पलंग रिकामा झाला का हो?" स्वयंपाकघरातून फोन, "सात नंबरचा पेशंट घरी गेला की आहे?"

'आजवर यांना हे कोण सांगत होतं?' आत्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर प्रत्येक विभागाचा एक ठिपका काढला. मग रोज जेवणाच्या सुट्टीत एकेका विभागात जाऊन ती विचारू लागली, "एरवी तुम्हाला बातमी कुणाकडून कळते?" उत्तर मिळालं की बातमी देणाऱ्याचाही ठिपका काढून दोन्हींमध्ये एक रेघ ओढायची.

मी तेव्हा जाळ्यांच्या गणितावर संशोधन करत होते. कोण कुणाशी जोडलेलं असतं, निरोप कुठून कसा पसरतो, असलं काहीबाही. सुट्टीत घरी आले, तर तिने तो कागद माझ्यापुढे पसरला.

"सांग बघू, यात सगळ्यात महत्त्वाचं कोण?"

मी रेघा मोजल्या. "मोठ्या डॉक्टरांचं ऑफिस. छत्तीस रेघा."

"अगं, मोजत काय बसलीस? झाकून बघ."

मी तो ठिपका अंगठ्याखाली झाकला. बाकीचे एकमेकांना धरून होते. मग तिने दाखवलेला, जेमतेम अकरा रेघांचा ठिपका झाकला. स्वयंपाकघर एकीकडे, एक्स-रे दुसरीकडे, वॉर्ड तिसरीकडे! तो ठिपका चादरीवाल्या बाईंचा होता.

"हे कुठे शिकलीस गं?"

"शिकायचंय काय त्यात? बाई नव्हत्या, तेव्हा समोरच दिसलं."

हे समजायला मला दोन सत्रं लागली होती.

आत्या कागद घेऊन अधीक्षकांकडे गेली. ते हसले. "म्हणजे इस्पितळ चादरीवाल्या बाईंमुळे चालतं म्हणता?"

"चालतं नाही म्हणत साहेब. त्यांच्यावाचून अडतं म्हणतेय."

साहेबांनी चष्मा लावून कागद नीट पाहिला. पुढच्या आठवड्यापासून पलंग रिकामा झाला की वॉर्डाने स्वतः तीन ठिकाणी कळवायचं, असं ठरलं. बोर्ड शांत झाला.

बाई परतल्यावर आत्याने त्यांनाही तो कागद दाखवला. त्या लाजून म्हणाल्या, "अहो, मी आपली जाता जाता बोलते, झालं." मग वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "पण इथे एक रेघ राहिलीय."

"कुठली?"

"शवागाराचा चौकीदार ते बाळंतिणींचा वॉर्ड. आज किती जन्मली, ते तो रोज मला विचारतो."

आत्याने रेघ ओढली. "का बरं विचारत असेल?" म्हणत तिने चपला पायात सरकवल्या आणि शवागाराची वाट धरली.