गेटपासवरची सही

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या प्रकरणातला, हे माझ्यापेक्षा माझ्या बायकोला जास्त आठवतं. पण विमानाच्या इंजिनातून दोन मॅग्नेटो गेले, ती घटना मला आजही वारासकट आठवते.

छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. एका शुक्रवारी सकाळी हजेरी चालू असतानाच फिर्यादी तावातावाने आत आले. साठी उलटलेले गृहस्थ, वाळूजला स्वतःचा छोटा कारखाना, आणि हौस अशी की स्वतः विमान चालवायचे. त्यांच्याकडे दोन इंजिनांचं, सहा माणसं बसतील असं जुनं विमान होतं. घेतलं तेव्हाच ते वापरून जुनं झालेलं होतं. त्यात यांनी निम्मं आयुष्य घातलं. गेलं वर्षभर त्याला नवं करणं चाललं होतं. गोल काट्यांची जुनी मीटर काढून काचेचे नवे पडदे बसवले, गाद्या बदलल्या, इंधनाच्या रबरी नळ्या बदलल्या. रविवारी आठ वर्षांच्या नातीला घेऊन पहिलं उड्डाण करायचं ठरलं होतं. आणि शुक्रवारी पाहतात तर उजव्या इंजिनाचे दोन्ही मॅग्नेटो गायब.

मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा डबा, असं त्यांनी मला समजावलं. तांब्याएवढा असतो. तो नसला की इंजिन म्हणजे नुसतं धूड. मी तोवर मोटारसायकली शोधल्या होत्या, बैल शोधले होते, एकदा लग्नातले भोंगेही शोधले होते. विमानाचा माल पहिल्यांदाच. आमच्या हवालदाराने तर गंभीरपणे विचारलं, ‘साहेब, याचं आरसी बुक मागायचं का?’

गुन्हा नोंदवून आम्ही हँगरमध्ये पंचनामा केला. गेटच्या रजिस्टरप्रमाणे गुरुवारी त्या विमानाजवळ तिघेच गेले होते. एक मालक. दुसरा नव्या पडद्यांची वायरिंग करणारा बजाजनगरचा इलेक्ट्रिशियन. तिसरे त्या विमानाचे इंजिनिअर. हे पैठणचे. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मलेले, शिकून विमानाच्या कामाचं लायसन्स मिळवलेले, आणि बावीस वर्षं याच मालकांकडे. त्यांच्या सहीशिवाय ते विमान जमीन सोडत नसे. शुक्रवारी ते तब्येतीचं कारण सांगून घरी होते. मी त्यांचं नाव काढताच मालक भडकले. म्हणाले, त्याच्यावर संशय घ्यायचा असेल तर आधी माझ्यावर घ्या.

दुपारी खबर आली. बजाजनगरच्या एकाने छावणीतल्या भंगारवाल्याला विमानाचा माल विकला होता. आम्ही लगेच इलेक्ट्रिशियनला ठाण्यात आणलं आणि मी समोर बसवून घेतलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस तीच गोष्ट दरवेळी तश्शीच सांगतो. खरं बोलणारा दुसऱ्या वेळी काहीतरी विसरतो. हा विसरत होता. विकलेला माल म्हणजे जुनी मीटर होती आणि ती मालकांनीच त्याला देऊन टाकली होती. फोनवर मालकांनी ते कबूल केलं, वर मलाच चार शब्द ऐकवले.

जायला उठलेला तो माणूस दारात थांबला.

‘साहेब, इंजिन नीट बघितलं का तुम्ही? डबा काढला तिथं झाकण बसवलंय, धूळ जाऊ नाय म्हणून. वायरींच्या तोंडाला टोप्या घातल्यात. नट थैलीत घालून तिथंच बांधून ठेवलेत. चोर असं करतो व्हय?’

पंचनाम्यात ‘झाकण’, ‘टोप्या’, ‘थैली’ हे सगळं लिहिलेलं होतं. खाली माझी सही होती. अर्थ मात्र माझ्या डोक्यात शिरला नव्हता. तो पुढे म्हणाला, ‘अन् आमच्याकडं कागदाबिगर नट बी हलत नाय.’

आम्ही माणसांचं रजिस्टर तपासलं होतं. मालाच्या गेटपासचं पुस्तक वेगळं असतं, ते कुणी मागितलंच नव्हतं. शनिवारी सकाळी ते मागवलं. गुरुवारच्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, मॅग्नेटो, दोन नग, बाहेर नेले. खाली इंजिनिअरची पूर्ण सही. मी पोटभर हसलो आणि मग मला वाईट वाटलं. ज्या माणसाला चोरीसुद्धा पावती फाडल्याशिवाय जमत नाही, त्याला पकडायला निघायचं जिवावर आलं होतं.

पैठणला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा ते ओसरीवर बसलेले होते, जणू आमचीच वाट बघत. मी विचारण्याआधीच म्हणाले, ‘माझ्याकडंच हायेत.’ बायकोच्या मऊ सुती लुगड्यात दोन्ही मॅग्नेटो गुंडाळून देवघराशेजारच्या फडताळात ठेवले होते. का नेले, हे मात्र सांगेनात. मी गोडीने विचारलं, आवाज चढवून विचारलं, मालकांची शपथ घातली. 

शेवटी मी ठाण्यात हजर राहण्याची नोटीस काढली आणि मिळाल्याची सही करायला पेन त्यांच्या हातात दिलं. कागद त्यांनी उजेडाकडे वळवला, मान तिरकी केली, आणि सही केली ती रेघेवर नाही, वरच्या मजकुरावर. मी गेटपासची झेरॉक्स काढून बघितली. तिथेही सही रकाना सोडून खाली उतरली होती.

मी विचारलं, ‘दिसतं का तुम्हाला?’

त्यांच्या बायकोने दारातून म्हटलं, ‘आवं, सांगा की आता. किती दिस झाकायचं? दोन दिस झालं, अन्न गोड लागंना त्यांना.’

मग ते बोलले. ‘बुधवारी नळ्या बदलल्या, साहेब. नट आवळला की आम्ही त्याच्यावर लाल रंगाची रेघ मारतो. नट हलला तर रेघ मोडती, लगेच कळतं. बुधवारी मला दोन दोन रेघा दिसाया लागल्या. खरी कुठली, कळंना. तरी मी सही केली. घरी येऊन जेवाया बसलो अन् ती पोरगी डोळ्यापुढं आली. आजोबा म्हणती मला.’

गुरुवारी त्यांनी मालकांना उड्डाण आठवडाभर पुढे ढकला म्हणून सुचवलं होतं. मालक हसले, म्हणाले, तू म्हातारा झालास. खरं सांगावं तर लायसन्स जाणार, आणि आयुष्यभर जपलेलं नाव जाणार. म्हणून विमान उडूच शकणार नाही अशी तजवीज करून ते घरी आले. सकाळी फोन करून सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. पण त्याआधीच मालक हँगरमध्ये गेले आणि तिथून ठाण्यात. मग त्यांचं धाडस झालं नाही.

मालकांना मी ठाण्यात बोलावलं. नोटिशीप्रमाणे इंजिनिअरही हजर होते. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग इंजिनिअरना म्हणाले, ‘मला सांगायचं ना.’

‘सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा माणूस आणला असता.’

‘आणला असता. आणि तुझ्या शेजारी उभा केला असता.’

यावर इंजिनिअर लहान मुलासारखे रडले. मी फाइल चाळत बसलो.

सोमवारी बाहेरगावाहून दुसरा इंजिनिअर आला. त्याने एकूण एक नळी तपासली. एकही नट ढिला नव्हता. हातांनी काम चोख केलं होतं, डोळ्यांवरचा भरवसा तेवढा गेला होता. मी म्हणालो, म्हणजे उगाचच एवढा व्याप झाला. मालक म्हणाले, ‘उगाच कसा? त्याचं काम बरोबर होतं, आणि ते थांबवलं तेही बरोबर होतं.’

चोरी ठरायला लबाडीचा हेतू लागतो. इथे तो शोधूनही सापडला नसता. मी न्यायालयात ‘क’ समरी, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेल्याचा अहवाल, पाठवली आणि ती मंजूर झाली. इंजिनिअरच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तो काढल्यावर त्यांना स्पष्ट दिसू लागलं, तरी सहीचा अधिकार त्यांनी आपणहून सोडला. नातीचं उड्डाण झालं तेव्हा मागच्या सीटवर तेच बसले होते.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगतो. हवालदार पंचनामा लिहायचा आणि मी चहा पिता पिता सही ठोकायचो. त्या सह्यांवर माणसं आत जायची, पण माझा घास कधी घशात अडकला नव्हता. नोटीस देऊन पैठणहून परतलो त्या दिवशी टेबलावर सात कागद सहीसाठी ठेवलेले होते. मी ते पहिल्यांदाच शब्दन् शब्द वाचले. एकात लिहिलं होतं, की अमुक मजुराला शुक्रवारी दुपारी तीन वाजता बाजारात मोबाईल चोरताना पकडलं. त्या मजुराला मी ओळखलं. आदल्या दिवशी दुपारी तीनला तो हरवलेल्या शेळीची तक्रार घेऊन आमच्याच ठाण्याच्या बाकावर बसलेला होता. मी स्वतः त्याला पाहिलं होतं.

मी सही केली नाही. तो माणूस संध्याकाळी आपल्या घरी गेला. आपल्याला पैठणच्या एका म्हाताऱ्याने सोडवलं, हे त्याला कधी कळलं नाही.