पुलीचा एक मिलिमीटर

कारखान्यात त्याला सगळे टर्नर म्हणत, घरात दादा. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लेथवर फिरत असला की त्याची डाव्या हाताची बोटं मशीनच्या पत्र्यावर ताल धरायची. फोरमन ओरडायचा, "अरे, मशीन चालवायला दिलीय की वाजवायला?" हा हसायचा आणि आणखी जोरात वाजवायचा.

सुट्टीच्या दिवशी मात्र तो खरोखरच वाजवायचा. कारखान्यामागच्या रिकाम्या गोदामात त्यांचा हेवी मेटल बँड जमायचा. गिटारवाला एरवी विजेच्या सामानाच्या दुकानात असायचा, बेसवाला ट्रक चालवायचा आणि गायला टर्नरचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे छोट्या म्हणत. ड्रमवर टर्नर. ड्रमचे निम्मे स्टँड त्यानं स्वतः लेथवर करून घेतलेले. त्याच्याइतकं जलद वाजवणारा दुसरा कुणी नव्हता. पण हे तो स्वतःच सांगत सुटायचा, त्यामुळे लोकांना खरं असूनही पटायचं नाही.

पहिला अल्बम करायचा ठरलं तेव्हा गिटारवाल्यानं कुठूनसा एक जुना, मोठ्या चकतीवर टेप गुंडाळलेल्या स्पूलचा टेपरेकॉर्डर पैदा केला. त्याच्या मोटरची पुली झिजलेली होती, टेप अडखळायची. "पुली ना? देतो करून," टर्नर म्हणाला. आता टर्नरकामाची रीत अशी की जॉब आधी मापापेक्षा थोडा जाड ठेवायचा आणि मग अगदी हलका शेवटचा हात फिरवून मापाला आणायचा. त्या दिवशी गिटारवाला डोक्यावर उभा होता. "झालं का? अरे, झालं का?" टर्नरनं पुली तशीच काढून बसवली. मशीन मजेत चालू लागली. शेवटचा हात नंतर फिरवू म्हणाला, आणि ते 'नंतर' राहूनच गेलं.

नऊ गाणी झाली. त्याच मशीनवर ऐकली, तर जशी वाजवली तशीच आली, भन्नाट वेगात. स्पूल कॅसेट काढणाऱ्याकडे पाठवली. स्पूल परत आली, बरोबर खोकंभर कॅसेटी. त्यातली एक गिटारवाल्याच्या घरी लावली. गाणी संथ झाली होती, आणि खोल. छोट्याचा चिरका गळा विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटत होता. ड्रम तर घण पडावा तसे पडत होते.

काय झालं ते टर्नरला लगेच कळलं. पुली एक मिलिमीटर जाड राहिली होती. त्यामुळे रेकॉर्ड करताना टेप जास्त वेगानं पळाली, आणि आता दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ती मंद वाजणार. "चूक माझी आहे," तो सरळ म्हणाला. "पुली मापात आणतो. परत वाजवू."

"त्या पुलीला हात लावशील तर याद राख," गिटारवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "इतके दिवस शोधत होतो तो हाच आवाज आहे."

कॅसेटी या हातातून त्या हातात गेल्या. लोक कार्यक्रमाला येऊ लागले आणि त्यांना तोच जड, संथ आवाज हवा होता. गिटारवाल्यानं तारा सैल केल्या. छोट्या पोटातून गुरगुरायला शिकला. पण हात कसे सैल करायचे? टर्नर दात-ओठ खाऊन हळू सुरुवात करायचा आणि गाणं अर्ध्यावर येईतो त्याचे हात उधळायचे. "दादा, हळू! हळू!" छोट्या माईकवरूनच ओरडायचा. लोक हसायचे.

दुसरा अल्बम मोठ्या स्टुडिओत, नीट मशीनवर ठरला. जाड पुलीची फसवाफसवी गिटारवाल्याला आता नको होती. जे वाजवायचं ते खरोखरच संथ वाजवायचं. पहिल्या दिवशी दोन गाणी टर्नरच्या हातांनी बिघडवली. पुढचा दिवस कधी, असं तो विचारत राहिला. "कळवतो," एवढंच छोट्या म्हणायचा. एका घरात, एका टेबलावर समोरासमोर बसून तो रोज जेवत होता आणि मूग गिळून गप्प होता. शेवटी कॅसेटच बाजारात आली. टर्नरच्या बायकोनं दुकानात ती उलटून पाहिली. वरच्या फोटोत चौघे होते, आणि चौथा एक लठ्ठ, झोपाळू माणूस होता.

"अहो, हा कोण तुमच्या जागी?" तिनं भर दुकानात विचारलं.

घरी टर्नरनं कॅसेट भावापुढे आपटली. छोट्या खाली बघून म्हणाला, "आवाजासाठी करावं लागलं, दादा."

"आवाज आला कुणाच्या पुलीतून रे?"

गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! दुसऱ्या अल्बमनं त्यांचं नाव झालं, तिसऱ्यानं घरं झाली. छोट्या वेगळा राहायला गेला.

तो जुना टेपरेकॉर्डर आणि ती स्पूल मात्र टर्नरकडेच राहिली, कारण कुणी मागितलीच नाही. सुट्टीच्या दुपारी तो ती लावायचा. जगात फक्त याच मशीनवर, याच जाड पुलीवर ती गाणी खऱ्या वेगानं वाजायची. "बघ, असा वाजवायचो मी," तो बायकोला सांगायचा. ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणायची, "छानच आहे हो." पण तिच्या म्हणण्यानं त्याचं पोट भरत नसे. छोट्यानं एकदा हे ऐकावं आणि म्हणावं, दादा, चुकलं आमचं. या एका वाक्यासाठी त्यानं उमेद धरून ठेवली होती. केस पांढरे झाले तरी सोडली नव्हती.

आणि एक दिवस छोट्या आला. दाढी काळी केलेली, दाराशी गाडी. पहिला अल्बम कंपनी नव्यानं काढत होती, त्यांना मूळ स्पूल हवी होती.

"देतो. आधी ऐकून जा," टर्नर म्हणाला आणि मशीन लावली.

गाणं सुरू झालं. टर्नर भावाच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, गुडघ्यावर त्याची बोटं आपोआप चालत होती. छोट्या आधी गालात हसला. मग मोठ्यानं. मग हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे दादा, आपण असे वाजत होतो? किल्लीच्या खेळण्यासारखे?" त्यानं भावाच्या पाठीवर प्रेमानं थाप मारली. "बरं झालं बाबा, तू चुकलास. नाहीतर कुत्र्यानंसुद्धा विचारलं नसतं आपल्याला."

प्रेमानंच म्हणाला तो. हाच तर त्यातला खरा मार होता. शत्रूचं बोलणं माणूस थुंकून टाकतो, भावाचं गिळावं लागतं.

टर्नरनं स्पूल काढून नीट डब्यात घातली आणि त्याच्या हातात दिली. गाडी गेल्यावर बायको कडाडली, "कशाला दिलीत? एवढं एकच तर होतं तुमचं!"

"त्यांचंच होतं ते," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मशीनची ती पुली सोडवून खिशात टाकली आणि कामावर नेली. लेथवर चढवली, टूल अगदी हलकं लावलं. पत्र्यावर ताल धरायला बोटं उठली नाहीत. पितळेचा बारीक कीस निघत राहिला.

नवा फोरमन मागून येऊन उभा राहिला. "हा कुणाचा जॉब?"

"माझाच, जुना आहे," टर्नर म्हणाला. "शेवटचा हात राहिला होता."