अठ्ठ्याऐंशीची बेरीज

२०२५ साल. मी चौसष्ट वर्षांचा. शिपाई म्हणून निवृत्त झालो होतो, तरी नवीन पनवेलच्या आमच्या कॉलेजने मला अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर ठेवून घेतलं होतं. काम एवढंच, कागद घ्यायचे आणि ते तपासणाऱ्या सावंत मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. शिक्षण माझं चौथी. पण बेरजेत मला ऑफिसात कुणी हरवलं नव्हतं. त्याचा मला माज होता. आजही थोडा आहे.

जूनमध्ये रुबिना आली. उरणची मुलगी. बाहेरच्या विद्यापीठात हॉस्टेलला राहून बीएस्सीची दोन वर्षं केलेली. वडील दुबईला, घरी आई आजारी. म्हणून तिला तिसरं वर्ष घरी राहून करायचं होतं.

"चाचा, माझे क्रेडिट पुरतात का बघाल?"

क्रेडिट म्हणजे काय ते सांगतो. एखादा विषय आठवड्याला एक तास, असा पंधरा आठवडे शिकलात की एक क्रेडिट. आमच्या बोर्डावर कागद होता, बाहेरून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्याला अठ्ठ्याऐंशी पाहिजेत. मॅडम रजेवर होत्या. मी तिच्या चारही मार्कशीट पसरल्या आणि बोटांवर बेरीज केली. बरोब्बर अठ्ठ्याऐंशी.

"पुरतात," मी म्हणालो.

"मॅडमना नको दाखवायला?"

"मॅडम काय येगली बेरीज करनार हायत?"

"मग तिकडचं नाव काढू? टीसी घेतली की ते परत घेत नाहीत, चाचा."

"काढ. बिनधास्त काढ."

आठ दिवसांनी ती टीसी घेऊनच आली. मॅडम कामावर होत्या. त्या पेन्सिलीने एकेका विषयापुढे खुणा करत गेल्या. मग पेन्सील ठेवली.

"काका, हिला नाव काढायला तुम्ही सांगितलंत?"

"बेरीज करून बघा. एक कमी नाय."

"बेरीज बरोबर आहे हो. पण असं मोजत नाहीत. मुख्य विषयाचे वेगळे, भाषेचे वेगळे, आवडीच्या विषयाचे वेगळे. हिच्या मुख्य विषयाचे, फिजिक्सचे, आठ कमी आहेत आणि आवडीच्या विषयाचे आठ जास्त."

"मग तिकडचे इकडं घ्या. तासाला तर बसलीय ना पोर?"

"तांदूळ कमी पडले म्हणून डाळ जास्त घातली तर भात वाढतो का, काका?"

मागे ऑफिसातले दोघं हसले. मी चिडलो. तडक प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि तिथेही तेच बोललो. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तुमचा शब्द कमिटीला चालत नाही. कागद चालतो."

कमिटी म्हणजे आमचेच तीन प्राध्यापक. बाहेरचा विषय आपल्या विषयाशी जुळतो का, ते बघतात. त्यांनी दोन दिवस तिचा अभ्यासक्रम वाचला. फिजिक्सचे आठ काही निघाले नाहीत. मॅडमनी तिच्या जुन्या कॉलेजला फोन लावला. तिची जागा भरली होती.

निकाल आला, पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसायचं. म्हणजे एक वर्ष गेलं. तिकडेच राहिली असती तर ते वाचलं असतं.

रुबिना खिडकीपाशी आली. रडली नाही. मार्कशीट एकेक करून फाइलमध्ये घातल्या.

"चाचा," ती म्हणाली, "माहीत नव्हतं तर तसं सांगायचं ना. मी थांबले असते मॅडमसाठी."

चाळीस वर्षं त्या ऑफिसात काढली, पण 'माहीत नाही' हे दोन शब्द मी कुणाला म्हणालो नव्हतो. मला वाटायचं, ते म्हटलं की माणूस लहान होतो. माझ्या जागी लहान झाली ती पोर, एका वर्षाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली. पहिल्याच मुलाने मार्कशीट पुढे केल्या. सवयीने डोक्यात बेरीज झाली. बरोबर आली. मी त्याला म्हणालो, "मला म्हाईत नाय, बाला. थांब." आणि ते कागद घेऊन मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.