प्रार्थना-सखी

वसुंधरामावशी गेल्या शनिवारी दुपारच्या विमानाने कायमची गावी गेली आणि मी अजून रागातच आहे. राग निवल्यावर लिहावं म्हणतात. मला ते पटत नाही. निवलेला माणूस दोन्ही बाजू मांडायला लागतो, आणि या गोष्टीला दुसरी बाजू नाही.

मावशी नेवाशाकडची. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली. नवरा लवकर गेला, तेव्हा लहानग्या मुलाला, स्वरूपला, बहिणीकडे ठेवून ती ओमानला आली आणि सीबमधल्या आमच्या क्लिनिकमध्ये तिने एकोणीस वर्षं काढली. मी तिथे रिसेप्शनवर बसते, त्यामुळे कोण कुणाला विचारत येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. तान्ह्या बाळाची शीर सापडेना की डॉक्टरसुद्धा तिलाच हाक मारायचे. ओमानी बायकांच्या जिभेवर 'वसुंधरा' बसत नसे. त्या 'सिस्टर वासू' म्हणायच्या, आणि ती रजेवर असली तर पोराला तसंच घेऊन परत जायच्या. गुंगीच्या आणि कडक दुखणं थांबवणाऱ्या औषधांचं कपाट तिच्या ताब्यात होतं. त्याची किल्ली ती युनिफॉर्मच्या खिशात आतल्या बाजूने सेफ्टी पिनने अडकवायची. एवढ्या वर्षांत त्या कपाटातली एक कुपी इकडची तिकडे झाली नाही.

श्यामला सहा वर्षांपूर्वी सोलापूरहून आली. तिच्या नोकरीसाठी शब्द टाकला मावशीने. विमानतळावर घ्यायला गेली मावशी. स्टाफच्या घरात स्वतःच्या खोलीत दुसरी खाट टाकून घेतली तीही मावशीनेच. पेशंटशी बोलण्यापुरतं अरबी, बारक्या शिरेत सुई घालायची हातोटी, सगळं मावशीने शिकवलं. मावशीच्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन ही बाई सहा वर्षं जगली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं मी पाहिली होती; वासे उपटून नेणारी ही पहिलीच.

शुक्रवारी सुट्टी असली की दोघी बसने रुवीला यायच्या. स्टॉपपासून चर्चच्या आवारापर्यंत चालायला दहा-पंधरा मिनिटं, आणि ऊन तर असं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दोघींत छत्री एक, मावशीची. आमच्या मराठी मंडळींना आवारात एक लहान खोली मिळते. तीसेक माणसं असतो आम्ही. शेजारच्या खोलीत तमिळ मंडळी जोरात गातात, म्हणून आम्हीही जोरात गातो.

आमच्यात एक रीत आहे. जानेवारीत बायकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि जोड्या लावतात. जिची चिठ्ठी आपल्याला येईल ती वर्षभर आपली प्रार्थना-सखी. जे नवऱ्याला, आईला, पाळकाला सांगवत नाही ते सखीला सांगायचं आणि तिने आपल्यासाठी प्रार्थना करायची. नियम एकच. सखीचं बोलणं देवाच्या कानापुढे जाऊ द्यायचं नाही. यंदा मावशीला श्यामलाची चिठ्ठी आली. मावशी हसत म्हणाली, घरातल्या घरातच निघाली, बरं झालं.

आणि तिने तिला स्वरूपचं सांगितलं. स्वरूप गोळ्यांच्या नशेत सापडला होता. पुण्याजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात होता, सात महिने कशाला शिवला नव्हता. मावशीचा करार एप्रिलमध्ये संपत होता. तिला आणखी दोनच वर्षं हवी होती. तेवढ्यात पोरगं पायावर उभं राहील, मग मी गावी जाऊन त्याच्यापाशी बसेन, एवढंच तिचं मागणं. ते तिने श्यामलापाशी बोलून दाखवलं. दुसऱ्या कुणापाशी नाही. माझ्यापाशीसुद्धा नाही, आणि मी तिच्या समोरच्या दारात राहते.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी मावशीची ड्युटी होती. श्यामला एकटीच आली, छत्री घेऊन. त्या दिवशी उत्तमकाकांनी, म्हणजे आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींपैकी एकांनी, दाविदाच्या स्तोत्रावर संदेश दिला. वैऱ्याने निंदा केली असती तर सोसवली असती, पण हा तर माझा जिवलग, याच्याबरोबर मी देवाच्या घरी चालत जायचो, असं दाविदाचं रडणं आहे. त्या माणसाचं बोलणं लोण्याहून मऊ होतं, असंही त्यात आहे. सगळ्यांत जोरात मान हलवत होती ती श्यामला.

मग साखळी प्रार्थना सुरू झाली. एकामागून एक जण बोलतो, बाकीचे डोळे मिटून ऐकतात. मध्ये कुणी बोलत नाही, कारण बोलणं देवाशी चाललेलं असतं. श्यामलाची पाळी आली.

"प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीला सांभाळ," ती गहिवरून म्हणाली. "तिचा मुलगा नशेच्या आहारी गेलाय. औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या हातात आहे. आईचं काळीज आहे, प्रभू. तिला मोहात पडू देऊ नकोस."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज काय होती? त्या खोलीत तशी किल्ली बाळगणारी एकच बाई यायची. आणि पुढच्या रांगेत प्रियांका बसली होती, आमच्या क्लिनिकच्या मॅनेजरची, रमणची बायको. ते श्यामलाला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

प्रार्थना संपली. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. तोंडाला सवय असते, म्हणून निघून गेलं, हे खरं आहे, आणि ते मला अजिबात वाचवत नाही. घरी जाऊन मी मावशीला काही सांगितलंही नाही. कशाला आग लावा, म्हटलं. आग लागून चुकली होती.

रविवारी रमणने मावशीकडून किल्ली मागून घेतली. कपाट उघडून मोजणी झाली. सगळं जागच्या जागी होतं. तरी किल्ली परत आली नाही. पंधरा दिवसांनी करार वाढणार नाही असं कळवलं. कारण विचारलं तर रमण म्हणाला, वरून आलंय, खलास, इन्शाल्ला दुसरीकडे काम मिळेल. त्या संध्याकाळी प्रियांकाचा मावशीला फोन आला. तुमच्या स्वरूपसाठी आम्ही सगळे प्रार्थना करतोय, ती प्रेमाने म्हणाली. मावशीला आणखी काही विचारावं लागलं नाही.

मी तेव्हा तिच्या खोलीतच होते. श्यामला कपडे घडी करत होती. मावशीने तिला एवढंच विचारलं, का केलंस? त्यावर ही बाई म्हणाली, मी नाव घेतलं का? प्रार्थनाच केली ना? आता प्रार्थना करणंही पाप झालं का? घड्या करायची थांबलीसुद्धा नाही. अस्तनीतला निखारा पुस्तकात वाचला होता, त्या दिवशी समोर पाहिला. महिन्याच्या आत ती इनचार्ज झाली. किल्ली आता तिच्या खिशात असते, आतल्या बाजूने, सेफ्टी पिनने अडकवलेली.

गेल्या शुक्रवारी मावशीचा निरोप होता. येताना बसमध्ये मी तिच्याजवळ कबूल केलं की त्या दिवशी मीही आमेन म्हणाले होते. तिने मांडीवरची छत्री सरळ केली. मी म्हटलं, आज तूही साखळी प्रार्थनेत उभी राहा, तिचं नाव घे, सगळं सांग, कुणी तुला अडवू शकणार नाही. मावशी म्हणाली, "देवाच्या आडून चुगली करायला मी शिकले नाही."

केक कापला, हार घातला. श्यामला पुढे आली आणि मावशीच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटू लागली. मावशीने तो हात धरून खाली केला.

"प्रार्थना नको," ती म्हणाली. "डोळे उघडे ठेवा सगळे. हे मी देवाला सांगत नाही, त्याला माहीत आहे. तुम्हाला सांगते. स्वरूपचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. कपाटातलं काहीही गेलं नाही. माझी नोकरी गेली. वैरिणीने केलं असतं तर सोसलं असतं. पण श्यामला, तू माझ्या छत्रीखालून चालत इथे आलीस गं."

शेजारचं तमिळ गाणं तेवढं ऐकू येत होतं. उत्तमकाका खाली बघत होते. प्रियांका पर्सची चेन उघडझाप करत होती. श्यामलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला लवकर येतं. तिने हात जोडले आणि प्रार्थना सुरूच केली. या बहिणीच्या मनातली कटुता काढून टाक, प्रभू, तिला क्षमा करायला शिकव. बरीच लांब केली. सवयीने एकेकाचे डोळे मिटत गेले.

मावशीने मिटले नाहीत. मीही नाही. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिलो.

शेवटी ती थांबली आणि आमेनची वाट बघू लागली. दोन-तीन आवाज आले. त्यात माझा नव्हता. कोपऱ्यात टेकवलेली छत्री मी उचलली, मावशीची बॅग घेतली, आणि आम्ही उन्हात निघालो.