अत्तरमावशीचा हात

गेल्या अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारी बाराच्या लग्नात, मांडवाच्या दारात अत्तरमावशीचा हात नाकारला गेला. गावाचं नाव लिहीत नाही. आपलंच आहे असं समजून वाचा.

मावशीचं मलकापुरात स्टेशनच्या रस्त्याला टेबलाएवढं दुकान. ऊन तापलं की ती गुलाब-मोगरा मागं सारायची आणि पुढं तीनच बाटल्या ठेवायची: लिंबू, संत्रं, ईडलिंबू. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा गेले, तेव्हा हातातल्या पत्रकाचा कोपरा फाडून त्यावर थेंब मागितला. "कागदाले घाम येते काय, पोरी?" ती म्हणाली. "मनगट दे. पुलापर्यंत उन्हातून जाऊन ये, मंग बोल." हा नियम सगळ्यांना. एक साहेब गाडीत बसून चक्कर मारून आले, तर त्यांना पायी परत पाठवलं.

मी तीन चकरा मारल्या. लिंबू पुलाच्या आधीच उडालं. "ते पुढाऱ्यावानी हाय. आलं म्हणेपर्यंत गेलं." संत्रं घामात मिसळून लिमलेटच्या गोळीसारखं चिकट झालं. ईडलिंबू सुरुवातीला कडवट, मला आवडलंच नाही. पण परतताना तेवढंच उरलं होतं, खाली वाळ्याचा गारवा धरून. "कडू हाय, म्हणून टिकते," मावशी म्हणाली. मोर्चात घोषणा देऊन घसा बसला की मला तेच आठवतं.

त्या लग्नाला ईडलिंबू तिनंच निवडून दिलं होतं. आपल्याकडे दारात पाहुण्याच्या हातावर अत्तर लावतात. तेही तीच लावत होती. मावशी बौद्ध. कोणीतरी कुजबुजलं आणि नवरीचा काका आला.

"बाई, बाटली पोरांजवळ द्या. तुम्ही तिकडं बसा."

"काऊन?"

"पाव्हणे कुरकुर करून राह्यले."

"अत्तर चालते, हात चालत नाही?"

काकानं बाटलीसाठी हात पुढं केला. मी तिथंच उभी होते, मधे पडले नाही. माझ्या मनगटावर तिचं अत्तर होतं आणि हातात मठ्ठ्याचा पेला. ही लाज माझी आहे, लपवणार नाही.

मावशीनं बूच लावलं आणि मांडवामागं गेली. चुलीपाशी घामाघूम झालेले आचारी, भांडी घासणाऱ्या बाया, बँडवाले, सगळ्यांच्या हातावर अख्खी बाटली संपवली. "अत्तर घामासाठी असते," एवढंच बोलली. दारात मग नुसतं गुलाबपाणी शिंपडलं.

आता त्याच घरातून पुन्हा निरोप आलाय: धाकटीचं लग्न आहे, ईडलिंबूच पाहिजे, दुसरं उन्हात टिकत नाही. मावशीनं उलट कळवलं, "अत्तर भेटंल. पण लावीन मीच." अजून उत्तर नाही.

पत्रिका तुमच्याकडे आली असेल. जा. दारात अत्तर पुढं आलं की विचारा, मावशी कुठं आहे? ती तिथं नसेल, तर हात मागं घ्या.