दत्तूची पोलादी डबी

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुलबर्ग्यात, तुरीच्या अडतीवर होतो. मावशीच बोलली. रडली नाही. "लई तडफडलं रे लेकरू… मग गेलं शांत," एवढंच म्हणाली. मिळेल त्या बसनं हुमनाबाद गाठलं आणि तिथून मावशीच्या गावी, निर्ण्याला गेलो.

दत्तू माझा धाकटा मावसभाऊ. मेंढरांमागं फिरलेल्या घरातला हा पोरगा लांबच्या प्रयोगशाळेत लेसरवर काम करायचा. गावात कुणाला ते धड सांगता यायचं नाही. मला मात्र त्यानं गोठ्यासमोर बसून समजावलं होतं. दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर, मध्ये दिसेल न दिसेल असा स्फटिकाचा कण. भोवतीचे स्क्रू आवळत नेले की जमिनीच्या पोटात खोलवर असतो तसला दाब त्या कणावर येतो. मग त्यावर लेसरचा ठोका, असा निमिषातला की रेणू हलताना सापडावा. मी म्हटलं, हे बघून कुणाचं पोट भरणार? हसून म्हणाला, "अण्णा, चेपल्यावर माणूस काय करतो ते रोज बघायलाव की आपण. रेणूचं कुणी बघावं?" असा तिरपागडा. माझा फार जीव होता त्याच्यावर.

पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हा तो शर्टाच्या खिशात लिंबाएवढी पोलादी डबी घेऊन आला. ते दोन हिरे आणि मधला कण तिच्यातच होते. कितीतरी वेळा हिरा तडकल्यावर हा एक कण दाबाखाली टिकला होता. लेसरवरची पाळी अजून यायची होती. बरोबरचा एकजण येऊन डबी नेणार होता. दत्तू ती उशाशी ठेवायचा. शेवटच्या भेटीत माझ्यादेखत मावशीला म्हणाला, "आई, स्क्रूला हात लावू नको बरं. ढिल्ला झाला की गेलं समदं." मग माझ्याकडं वळून, "मी न्हाई राहिलो तरी एवढं व्हईल बघ." बाकी काही मागितलं नाही त्यानं…

आमच्यात माणसाचा जीव जाता जाईना झाला की घरातलं बांधलेलं सगळं मोकळं करतात. त्या दिवशी मावशीनं पेटीचं कुलूप काढलं, दाव्यांच्या गाठी सोडल्या, डब्यांची झाकणं उघडली. तरी पोराची घरघर थांबेना. शेवटी तिला उशाशी ती डबी दिसली. दत्तूच्या पिशवीतली स्क्रूची बारकी किल्ली घेऊन तिनं एकेक स्क्रू सैल केला. "काय करू रे, बघवंना," मी पोचल्यावर मला म्हणाली. "मागनं होतं तसंच आवळून ठिवलंय की."

ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. पण रागवायचं कुणावर?

दत्तूचा सोबती आला, भिंगातून बराच वेळ पाहत राहिला. अंगणात नेऊन मला म्हणाला, दाब उतरला, कणाचा भुगा झालाय, आता आवळून उपयोग नाही. नव्यानं करायचं तर दत्तूचा हात पाहिजे. डबी तिथंच ठेवून तो गेला. दत्तूच्या कामाचं मागं काही उरलं नाही. मी शोधून पाहिलं, खरंच नाही.

डबी आता देवळीत असते. मावशी ती रोज पदरानं पुसते. परवाही तिनं विचारलं, "अण्णा, त्याचं काम कवा पाठवायलास?"

"पाठवतो की मावशी," म्हटलं.

तिनं किल्ली घेतली आणि स्क्रू घट्ट आहेत ना, ते पुन्हा एकदा बघितलं.